नेम चुकला, गोळ्या चुकल्या नाहीत

या चित्रांत आपली नजर आधी कुठे जावी, ते चित्रकाराने ठरवून टाकलेलं असतं. एका बाजूला अरुंद, उंच घर. त्याच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर पडलेला धुराचा लोट. खाली रुंद रस्त्यावर उधळलेले, गुडघ्यांवर कोसळलेले घोडे. आणि या सगळ्या कल्लोळात घोड्यावर ताठ बसलेला एक माणूस. तो फ्रान्सचा राजा लुई फिलिप. दिवस 28 जुलै 1835, जागा पॅरिसमधला बुलव्हार द्यु तॉम्प्ल, म्हणजे झाडांचा, नाटकघरांचा, कायम गजबजलेला रस्ता. राजावरचा हल्ला फसला आणि त्याची चित्रं शिळाछापावर, म्हणजे दगडावर काढून त्यावरून छापून, बाजारात आली, काही काळी-पांढरी, काही हाताने रंगवलेली. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, एवढंच त्या कागदांना सांगायचं होतं आणि ते त्यांनी ठासून सांगितलं.

मला ही चित्रं आवडतात असं म्हणवत नाही, पण ती पाठही सोडत नाहीत. पॅरिसच्या कार्नाव्हाले संग्रहालयाने आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आपल्याकडचे असे असंख्य जुने कागद स्कॅन करून सगळ्यांसाठी खुले केले आहेत. पडद्यावर चित्र मोठं करत गेलं की एका टप्प्याला राजा चौकटीबाहेर जातो आणि कडेची माणसं समोर येतात. कुणी उताणा पडलेला, कुणी त्याच्यावर ओणवा झालेला, कुणी नुसताच हात वर करून मागे सरकणारा. या माणसांना चेहरे देताना चित्रकाराने फार वेळ घालवलेला नसतो. दोन-चार रेघांत डोळे, नाक, तोंड उरकलेलं असतं. तरीही मी बघत राहतो ती त्यांच्याचकडे.

त्या दिवशी काय घडलं ते आधी सांगतो. 1830 च्या जुलैत पॅरिसच्या लोकांनी तीन दिवस रस्त्यांवर लढून जुन्या राजाला हाकललं होतं. त्या लढ्यातून लुई फिलिप गादीवर आला. म्हणून दरवर्षी त्या दिवसांचा वर्धापनसोहळा व्हायचा. 1835 साली पाचवा होता. राजा आपल्या तीन मुलांसह, सेनानी आणि मंत्र्यांचा लवाजमा घेऊन नॅशनल गार्डची पाहणी करत निघाला होता. नॅशनल गार्ड म्हणजे शहरातल्याच नागरिकांची पलटण. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ते रांगेत उभे आणि त्यांच्या मागे बघ्यांची दाटी.

50 क्रमांकाच्या घरात जुझेप्पे फिएस्की नावाच्या कॉर्सिकन माणसाने खोटं नाव सांगून खोली भाड्याने घेतली होती. एकेकाळचा सैनिक, मग चोरी आणि बनावट कागदांसाठी तुरुंगवास भोगलेला, नंतर काही काळ पोलिसांचा खबऱ्या. त्याच्याबरोबर खोगिरं बनवणारा म्हातारा मोरे आणि किराणा दुकानदार पेपँ हे दोघे कट्टर प्रजासत्ताकवादी होते. फिएस्कीला स्वतःला कुठल्या विचाराचं फारसं सोयरसुतक असावं असं त्याच्या चरित्रावरून वाटत नाही. त्याने लाकडी चौकटीवर बंदुकीच्या 25 नळ्या शेजारी शेजारी, तिरक्या बसवल्या होत्या. सगळ्यांच्या कानांवरून, म्हणजे बत्ती द्यायच्या भोकांवरून, दारूची एकच ओळ. एका टोकाला आग लावली की सगळ्या नळ्या जवळजवळ एकदम उडणार.

राजा खिडकीखाली आला आणि त्या उडाल्या. राजाच्या कपाळाला गोळी चाटून गेली, त्याचा घोडा जखमी झाला. मुलांना काही झालं नाही. 18 माणसं मेली, काही तिथेच, काही नंतर. मार्शल मॉर्तिए त्यांच्यात होता. नेपोलियनच्या लढायांतून, रशियाच्या मोहिमेतूनसुद्धा जिवंत परतलेला हा 67 वर्षांचा सेनानी सणाच्या दिवशी, स्वतःच्या राजधानीत, बघ्यांच्या गर्दीसमोर पडला. राजाने थोडं सावरून पाहणी पुढे चालू ठेवली आणि ती पूर्ण केली.

धाडस होतंच ते, नाकारण्याचं कारण नाही. शिळाछापवाल्यांना हवा होता तोही नेमका हाच क्षण. पण ‘फसलेला हल्ला’ असं आपण म्हणतो तेव्हा मला त्या 25 नळ्या आठवतात. पिस्तूल रोखणारा एका माणसावर रोखतो. या यंत्राला तसा नेमच नव्हता. ते रस्त्याच्या रुंदीवर रोखलेलं होतं. राजा ज्या पट्ट्यातून जाणार तो अख्खा पट्टा त्याने झोडपायचा, मग तिथे कुणीही असो. म्हणजे राजा मेला नाही एवढा एक तपशील सोडला तर यंत्राने आपलं काम केलं होतं. काही नळ्या मात्र उलट्या फुटल्या आणि फिएस्कीचंच डोकं आणि चेहरा फोडून गेल्या. तो मागच्या खिडकीतून दोरावरून उतरला आणि रक्ताळलेल्या अवस्थेत पकडला गेला.

शिळाछापाची पद्धत या गोष्टीला फार जुळून आली. तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं तर हाताला जोर लागतो आणि दिवस लागतात. इथे गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचं, कागदावर काढावं इतक्या सहज. मग शिळा ओली करायची. मोकळा दगड पाणी धरतो, तेलकट रेघ पाणी झटकते. शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघेला चिकटते. वर कागद ठेवून दाब दिला की चित्र तयार. अठराव्या शतकाच्या अखेरीस म्युनिकमध्ये सेनेफेल्डरने ही युक्ती शोधली आणि 1830 पर्यंत पॅरिसमध्ये ती घराघरात पोचली होती. घडलेल्या गोष्टीचं चित्र लोकांच्या तोंडी ती गोष्ट असेपर्यंत हातात पडू लागलं. छापखान्यांच्या दुकानांच्या काचांवर नवी चित्रं लावलेली असत आणि ज्यांच्या खिशाला ती परवडत नसत तेही समोर थांबून बघत.

फिएस्कीच्या बाबतीत काचेवर बरंच काही लागलं. हल्ल्याचा देखावा. खोली आणि तिच्यातलं यंत्र. खुद्द फिएस्की, डोक्याला पट्ट्या गुंडाळलेला. बळींची अंत्ययात्रा. खटला. त्याची सोबतीण नीना लासाव्ह, तिचा एक डोळा अधू होता, तिचंही चित्र.

यंत्राच्या चित्रांपाशी मी नेहमी थांबतो. त्यांत माणूस नसतो. लाकडाचे जाड पाय, आडवी तुळई, तिच्यावर एकापाशी एक पडलेल्या नळ्या, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. चित्रकाराने लाकडाच्या शिरा आणि लोखंडाची चकाकी मन लावून काढलेली असते, रस्त्यावर पडलेल्यांच्या चेहऱ्यांसाठी न काढलेला वेळ इथे काढलेला असतो. नळ्या जिथे फाटल्या तिथलं धातूचं उमललेलं तोंडसुद्धा दिसतं. ते यंत्र आजही आहे, पॅरिसच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संग्रहात. खटल्यात पुरावा म्हणून ठेवलं, म्हणून टिकलं. ज्यांना त्या नळ्यांनी मारलं त्यांच्या वस्तूंचं असं कुणी काही जपलेलं मला कुठे दिसलं नाही.

फिएस्कीला डॉक्टरांनी मन लावून बरं केलं, कारण त्याच्यावर खटला चालवायचा होता. तुरुंगात त्याला भेटायला माणसं येत, त्याच्या सह्या घेत. न्यायासनासमोर, म्हणजे उमरावांच्या सभागृहासमोर, तो जोरजोरात बोलत राहिला आणि साथीदारांची नावं सांगून मोकळा झाला. 19 फेब्रुवारी 1836 ला तिघांचा शिरच्छेद झाला. त्यानंतर ब्रास्कासा नावाच्या चित्रकाराने फिएस्कीच्या तोडलेल्या मुंडक्याचं तैलचित्र काढलं, जखमांच्या व्रणांसकट. एरवी तो गाई-बैलांची चित्रं काढण्यासाठी प्रसिद्ध होता. आणि नीनाला एका कॅफेवाल्याने गल्ल्यावर बसवलं. लोक पैसे मोजून कॉफी प्यायला येत आणि तिच्याकडे बघत बसत. याहून जास्त काही मला त्या कॅफेबद्दल लिहावंसं वाटत नाही.

हे पहिल्यांदा घडत होतं असंही नाही. 24 डिसेंबर 1800 च्या संध्याकाळी नेपोलियन ऑपेराला निघाला असताना रू सँ-निकेझ या गल्लीत दारूने भरलेलं पिंप उडालं. तो वाचला आणि ऑपेरात जाऊन बसला. ते पिंप एका गाडीत होतं आणि घोडी धरून उभं राहायला कटवाल्यांनी 14 वर्षांच्या एका मुलीला थोडे पैसे दिले होते. मारियान पेझोल तिचं नाव. तिला काही सांगितलेलं नव्हतं. तिचे तुकडे झाले. त्या स्फोटाच्या कोरीव छापचित्रांत ज्वाळा असतात, कोसळत्या भिंती असतात आणि निसटून पुढे जाणारी घोडागाडी असते. मारियानला मी त्यांत शोधलं आहे. शोधताना कळतं की गाडीपाशी ती असायला हवी ती जागा स्फोटाच्या पांढऱ्या उजेडाने व्यापलेली आहे. कदाचित चित्रकाराला तसं काढणं भागच होतं. त्या स्फोटाचा आळ नेपोलियनने डाव्या जॅकोबिनांवर, म्हणजे क्रांतीतल्या जहाल प्रजासत्ताकवाद्यांवर घेतला आणि त्यांच्यातल्या 130 जणांना हद्दपार करायची यादी काढली. हल्ला मुळात राजेशाहीवाल्यांचा होता आणि पोलिसप्रमुख फूशेने लवकरच तसे पुरावेही गोळा केले. यादी तशीच राहिली.

राज्यकर्ता वाचला की घाव दुसऱ्या कुणावर पडतो. 1835 साली तो पडला चित्रांवर.

हे नीट सांगायचं तर एक वर्ष मागे जावं लागेल. एप्रिल 1834 मध्ये लियोंच्या कामगारांच्या उठावाचे पडसाद पॅरिसमध्ये उमटले. रू त्रान्सनोनँ या गल्लीतल्या 12 क्रमांकाच्या घरातून गोळी आल्याचं सांगत सैनिक आत शिरले आणि झोपेतून उठवून घरातल्या रहिवाशांना ठार केलं. 12 जण मेले. ओनोरे दोमिए तेव्हा 26 वर्षांचा होता. राजाला गलेलठ्ठ राक्षसाच्या रूपात काढलं म्हणून त्याने आधीच तुरुंगाची हवा खाल्लेली होती. त्याने या घटनेचं शिळाचित्र केलं.

त्या चित्रात राजा नाही. सैनिक नाहीत. बंदूक नाही, धूर नाही. सगळं होऊन गेलेलं आहे. झोपायचा सदरा आणि टोपी घातलेला एक पुरुष पलंगाला टेकून जमिनीवर घसरला आहे, अंगाखाली लहान मूल चिरडलं आहे, मुलाच्या डोक्यातून रक्त आलं आहे. डावीकडे अंधारात एक बाई पडलेली, उजवीकडे कडेला एका म्हाताऱ्याचं डोकं, तेवढंच. पांढरी चादर पलंगावरून ओढली जाऊन खाली लोळते आहे. खुर्ची उलटी. खडूचा करडा रंग इतका हळुवार आहे की सदऱ्याच्या कापडाचा मऊपणा जाणवतो. दोमिएने उजेड कुठे पाडलाय ते बघा. तो सगळा त्या पुरुषाच्या पोटावर, उघड्या पायांवर आणि त्याच्या सदऱ्यावर आहे. आपली नजर दुसरीकडे कुठेही जाऊ शकत नाही. हे चित्र दुकानाच्या काचेवर लागलं तेव्हा लोकांनी गर्दी केली. पोलिसांनी हाती लागतील त्या प्रती जप्त केल्या आणि शिळाही.

दोमिएचा प्रकाशक होता शार्ल फिलिपों. राजाचा चेहरा पायरीपायरीने पेअर फळासारखा होत जातो हे त्याने 1831 मध्ये भर न्यायालयात काढून दाखवलं होतं. त्याची दोन पत्रं होती, ‘ला कारिकात्यूर’ हे साप्ताहिक आणि ‘ल शारीवारी’ हे दैनिक. दंड, जप्ती आणि तुरुंग हे त्याच्या धंद्यातले नेहमीचे खर्च होते. 27 जुलै 1835 ला, म्हणजे फिएस्कीने आग लावली त्याच्या आदल्या दिवशी, ‘ल शारीवारी’चा अंक लाल शाईत निघाला. या राजवटीत दडपशाहीत मेलेल्यांची आठवण करून देणारा अंक. त्यात त्राव्हिएस या चित्रकाराचं एक चित्र होतं, राजाची पाठमोरी आकृती, सगळी प्रेतांनी घडवलेली. दुसऱ्या दिवशी बुलव्हारवर रक्त सांडलं. अंकाचा आणि कटाचा संबंध नव्हता, पण लाल शाई सरकारच्या हातात आयती सापडली.

9 सप्टेंबर 1835 ला नवे कायदे आले. यापुढे कुठलंही रेखाटन, कोरीव चित्र किंवा शिळाचित्र प्रसिद्ध करायचं तर आधी सरकारची परवानगी घ्यायची. अडचण अशी होती की 1830 च्या सनदेत, म्हणजे तेव्हाच्या राज्यघटनेत, सातव्या कलमाने नागरिकांना आपली मतं छापायचा हक्क दिला होता आणि पूर्वतपासणी पुन्हा कधीच येणार नाही असं वचनही दिलं होतं. सरकारने त्यातून वाट काढली. शब्दात मांडतात ते मत, चित्र थेट डोळ्यांशी बोलतं, ते माणसाला पेटवतं, म्हणून चित्र हे मत नसून कृती आहे आणि सनदेचं संरक्षण कृतीला नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद मी पुष्कळदा मनात घोळवला आहे. सरकारचा हेतू मला मान्य नाही, पण चित्राची ताकद त्यांनी खरी ओळखली होती. रू त्रान्सनोनँच्या चित्रासमोर उभं राहिल्यावर ‘हे एक मत आहे’ असं कुणाला म्हणता येईल? फक्त ती ताकद त्यांना दोमिएच्या चित्रातच दिसली. राजा घोड्यावर ताठ बसलेला दाखवणारी चित्रंही डोळ्यांशीच बोलत होती, तीही माणसाच्या मनात काहीतरी पेटवतच होती. त्यांना परवानगीची अडचण आली नाही. 18 जणांच्या मरणाचं चित्र काढायचं तर एक रीत चालणार होती आणि 12 जणांच्या मरणाचं काढायची दुसरी रीत चालणार नव्हती.

‘ला कारिकात्यूर’ने कायदा लागू व्हायची वाट पाहिली नाही, ऑगस्टच्या अखेरीस स्वतःच बंद पडलं. दोमिए ‘ल शारीवारी’त राहिला आणि राजाला सोडून भामटे, वकील, दलाल, घरमालक काढू लागला. त्यातून त्याची रोबेर माकेर नावाच्या भामट्याची चित्रमाला झाली, ती उत्तमच आहे. पण राज्यकर्त्याच्या डोळ्याला डोळा भिडवणारी त्याची रेघ पुढची तेरा वर्षं, 1848 मध्ये लुई फिलिप पळून जाईपर्यंत, बांधलेली राहिली. लुई फिलिपवर फिएस्कीनंतरही पुन्हा पुन्हा हल्ले झाले आणि तो प्रत्येक वेळी वाचला. 1850 मध्ये इंग्लंडमध्ये अंथरुणावर त्याला मरण आलं.

बुलव्हार द्यु तॉम्प्लबद्दल अजून एक सांगायला हवं, कारण या रस्त्याचं जगातलं सर्वांत प्रसिद्ध चित्र वेगळंच आहे. 1838 मध्ये, हल्ल्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, लुई दागेरने आपल्या खिडकीतून याच रस्त्याचं छायाचित्र घेतलं. चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटायला तेव्हा काही मिनिटं लागत. त्यामुळे घोडे, गाड्या, चालणारी माणसं, जे जे हलत होतं ते उमटलंच नाही. भर दिवसा रस्ता ओस दिसतो. एका कोपऱ्यावर बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस तेवढा स्थिर उभा होता, म्हणून तो राहिला. छायाचित्रात उमटलेला पहिला माणूस म्हणून त्याची ओळख आहे.

मी कधी कधी कल्पना करतो की दागेरचा पत्रा 28 जुलै 1835 च्या दुपारी त्या खिडकीत असता तर काय राहिलं असतं? उधळलेले घोडे गेले असते. धूर गेला असता. पाहणी पुढे नेणारा राजा, त्याची मुलं, धावाधाव करणारे पोलिस, सगळे पुसले गेले असते. न हलणारे तेवढे राहिले असते.

शिळाछापवाल्यांनी याच्या नेमकं उलट केलं आणि 1845 मध्ये यूजेन लामीने व्हर्सायच्या राजवाड्यासाठी या प्रसंगाचं तैलचित्र केलं, तेही शिळाछापाच्याच वाटेने गेलं. त्यांच्यावर रागावून उपयोग नाही. पोटापाण्यासाठी काम करणारी, ऐकीव माहितीवर भराभर चित्र उभं करणारी माणसं होती ती. गिऱ्हाइकाला राजा वाचलेला बघायचा होता. पण आजच्या संग्रहालयांना ते कारण नाही. या कागदांच्या नोंदी मी वाचतो तेव्हा शीर्षकात फिएस्कीचं नाव असतं, वर्णनात राजाचं, फार तर मॉर्तिएचं. बाकीचे 17 ‘इतर बळी’ असतात. त्यांच्यातल्या बहुतेकांना 5 ऑगस्ट 1835 च्या मिरवणुकीने अँव्हालीदमध्ये, म्हणजे पॅरिसच्या जुन्या सैनिकांच्या वास्तूत नेलं, मार्शलच्या शेजारी दफन केलं. एवढ्या सरकारी इतमामाने पुरलेल्या माणसांची नावं शोधायला कुणाला फार कष्ट पडणार नाहीत. कुणी या चित्रांचं प्रदर्शन भरवणार असेल तर माझं एक मागणं आहे. हल्ल्याच्या देखाव्याखाली सगळी 18 नावं छापावीत, मॉर्तिएचंही त्यातच, वर्णानुक्रमाने जिथे येईल तिथे. आणि त्याच भिंतीवर, मध्ये दुसरं काही न लावता, दोमिएचं रू त्रान्सनोनँ टांगावं आणि त्याच्याखाली ती 12 नावं.